नदीकाठाला भिंत नको, आधी ओढ्यांची तोंडं मोकळी करा

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सादर नमस्कार.

साहेब, पूर आला की बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘गावाला बेटाचं स्वरूप आलं.’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातलं प्रयाग चिखली-आंबेवाडी असो, नाहीतर आमच्या शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर. ही बेटं नदीनंच हजारो वर्षं गाळ टाकून घडवली आहेत. पूर ती उघडी करून दाखवतो. काठावरची कामं मंजूर करण्याआधी ही जमीन कशी बनली आहे ते आपण समजून घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

पंचगंगा नदी प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर वाहते आणि तिथं कृष्णेला मिळते. खालच्या अंगाला उतार नावापुरताच, म्हणून ती वळणं घेत जाते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला दरड कापते, आतल्या बाजूला गाळ टाकते. पुरात पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग मोडतो आणि जड गाळ काठावरच बसतो. त्यामुळे ऐन काठाची मळी, म्हणजे गाळाची जमीन, उंच, तिच्यामागची काळी रानं खोलगट. जुन्या माणसांनी गावाची पांढरी, म्हणजे घरांची वस्ती, उंचवट्यावर वसवली ती हे ओळखूनच. पूर चढताना पाणी आधी ओढ्याच्या तोंडातून उलटं आत शिरतं, मागची रानं भरतं, रस्ता तोडतं. नदी अजून काठाखाली दिसत असते आणि गाव मागून पाण्यात सापडलेलं असतं. त्यात कृष्णेला कोयना-वारणेचं पाणी आलेलं असलं तर पंचगंगेला पुढं सरकायला वाटच राहत नाही, आणि संगमापासून मागं फूग, म्हणजे तुंबलेलं पाणी, चढत जाते.

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. एवढं पाणी पात्रात मावत नाही आणि मावणारही नाही. मागची खोलगट रानं हीच त्याची विसाव्याची जागा आहे.

प्रत्येक महापुरानंतर काठानं संरक्षक भिंत बांधण्याची मागणी होते. ज्यांनी माळ्यावर बसून बोटीची वाट पाहिली आहे, त्यांची भीती खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. पण काठावर भिंत उभी केली की ओढ्यांची तोंडं आवळली जातात. मग आत शिरलेलं आणि रानात पडलेलं पाणी बाहेर कुठून जाणार? ऊस काही दिवस पाण्यात तग धरतो. शेंड्यात पाणी जाऊन साचून राहिलं की कुजतो. शिरोळात क्षारपड जमिनीचं दुखणं आधीच मोठं आहे, त्या रानांचा निचरा अजून अडवणं आम्हाला परवडणारं नाही.

शिवाय काठावर माणसांखेरीज बरंच काही जगतं. वाळुंज, करंज आणि उंबर यांची मुळं दरड धरून ठेवतात. मातीच्या उभ्या दरडीत वेडे राघू बिळं कोरतात, थंडीत मगरी उन्हाला काठावर येतात, कासवं वाळूत अंडी घालतात. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे ओढ्यांतून उथळ पाण्यात शिरतात आणि तिथंच त्यांची वीण होते. काँक्रीटच्या काठावर यांतलं काहीच उरत नाही. आणि कृष्णाकाठच्या ज्या वांग्यांचं सगळा महाराष्ट्र कौतुक करतो, ती याच गाळाची आहेत, हे विसरू नये.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे. तो नेटानं चालवावा, आमची साथ आहे. पण पूरक्षेत्रात रस्त्यांचे आडवे भराव आपणच घातले. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पुराच्या पट्ट्यात, प्लॉट आपल्याच जिल्ह्यात पडले. वीटभट्ट्यांना मळीची माती आपल्याच काठावरून जाते. हे थांबवायला कोणत्या लवादाकडे जावं लागत नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्यानं कृष्णा खोऱ्यात पूरनियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला आहे. त्यातला पैसा भिंतींऐवजी आधी या कामांवर लागावा. प्रत्येक ओढ्याचं तोंड आणि मागच्या रानांपर्यंतची त्याची वाट शिवारात फिरून मोजा. आमच्या गावांतली जाणती माणसं आपल्या अभियंत्यांना पाणी कुठून शिरतं आणि कुठून उतरतं ते बोट दाखवून सांगतील. भरावांच्या जागी कमानी किंवा खांबांवरचे पूल करा. निळी आणि लाल पूररेषा नकाशातच न राहता गावोगावी दगड रोवून दिसू द्या, म्हणजे कुणाला फसवून प्लॉट विकता येणार नाही. जी घरं खोलगटात आहेत त्यांना उंचावर जागा द्या. ती देताना रस्ता, पाणी आणि गोठ्याची सोय आधी करा. नाहीतर जनावरांपायी माणसं परत खालीच येतात.

काठावरच्या कोणत्याही बांधकामाची निविदा निघण्याआधी त्या त्या गावच्या ग्रामसभेत नकाशा मांडावा, असा लेखी आदेश आपण द्यावा, ही विनंती.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी