‘सार्क रुपया’ नको, बट्टा परवडला

महोदय,

सार्क देशांनी (म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आदी दक्षिण आशियाई शेजाऱ्यांनी) युरोपप्रमाणे एकच चलन आणावे, असे सुचवणारे पत्र आपल्या अंकात वाचले. कोलंबोच्या सहलीत आधी रुपयांचे डॉलर आणि मग डॉलरचे श्रीलंकन रुपये करताना दोनदा बट्टा बसला, ही पत्रलेखकांची तक्रार रास्तच आहे. त्यांनी सुचवलेले औषध मात्र रोगापेक्षा जालीम आहे.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. मे महिन्यात युरोप करून आलेली मंडळी जूनमध्ये उरलेसुरले पैसे घेऊन हजर होत. जर्मनीचे मार्क, फ्रान्सचे फ्रँक, इटलीच्या हजार-हजाराच्या लिरा! ड्रॉवरमध्ये प्रत्येकाची वेगळी थप्पी, प्रत्येकाचा वेगळा भाव. नाणी तर आम्ही घेतच नसू. मूठभर चिल्लर काचेखालून आत सरकवली जायची आणि मी ती तशीच बाहेर सरकवायची. १ जानेवारी २००२ रोजी १२ देशांत युरोच्या नोटा आल्या आणि बघता बघता या साऱ्यांची एकच थप्पी झाली. कारकुनाला विचाराल तर युरोसारखे सुख नाही.

पण देश काही कारकुनाच्या सोयीसाठी आपले चलन सोडत नाहीत. दोन महायुद्धांत एकमेकांविरुद्ध लढलेल्या फ्रान्स-जर्मनीला पुन्हा तशी वेळ येऊ द्यायची नव्हती, शिवाय सगळ्यांची मिळून एकसंध बाजारपेठ हवी होती. त्यातून १९९२ चा मास्ट्रिक्ट करार झाला. सरकारी तूट जीडीपीच्या (देशाच्या वार्षिक एकूण उत्पादनाच्या) ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ६० टक्क्यांच्या आत, अशा अटी ठरल्या. (तुटीची मर्यादा पुढे खुद्द जर्मनी-फ्रान्सनेच ओलांडली, ते सोडा.) २०२६ मध्ये बल्गेरिया आल्यावर युरो वापरणारे सदस्य देश २१ झाले. स्वीडनने मात्र २००३ च्या सार्वमतात नकार दिला, डेन्मार्कने युरो न घेण्याची सवलत आधीच पदरात पाडून घेतली. ते काही खुळे नाहीत. कर्जाच्या संकटात सापडलेल्या ग्रीसकडे स्वतःचे जुने चलन, ड्राख्मा, असते, तर त्याचे अवमूल्यन करून निर्यात आणि पर्यटन स्वस्त करता आले असते. युरोचा व्याजदर ठरतो फ्रँकफर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेत. अथेन्सच्या हाती पगार आणि पेन्शनला कात्री लावण्यापलीकडे फारसे काही राहिले नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात तिथे एटीएममधून माणशी दिवसाला ६० युरोच निघत होते.

पूर्व कॅरिबियनमधल्या चिमुकल्या बेटांनी मिळून एक डॉलर चालवला आहे. अमेरिकी डॉलरला २.७० हा त्याचा दर १९७६ पासून हललेला नाही. एकेका बेटाला स्वतंत्र मध्यवर्ती बँक झेपणार कशी? तिथे ते शोभते. आफ्रिकेतल्या १४ देशांच्या, बहुतेक फ्रान्सच्या जुन्या वसाहतींच्या, सीएफए फ्रँक या चलनाची गोष्ट वेगळी. त्याचा दर १ युरोला ६५५.९५७. दर तोंडपाठ असलेल्या माझ्यासारखीच्या डोळ्यांत हा आकडा लगेच भरतो, कारण फ्रान्सचा जुना फ्रँक युरोत मिसळला तो ६.५५९५७ या दराने. बरोबर शंभरपट! पॅरिसने आपले चलन मोडीत काढले, तरी वसाहतकाळातली गाठ होती तशीच राहिली. त्यामुळे तिथली महागाई शेजारच्या घाना-नायजेरियापेक्षा आटोक्यात राहते, हे खरे. पण जानेवारी १९९४ मध्ये फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत याच चलनाची किंमत एका फटक्यात निम्मी झाली, हेही खरेच.

आणि आपला स्वतःचा अनुभव कुणी का आठवत नाही? कुवेत, कतार, दुबई इथे आपलाच रुपया चालत असे. सोन्याच्या तस्करीपायी परकीय चलन वाहून जाऊ लागले, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेत १९६१ मध्येच बाहेर पडला. जून १९६६ मध्ये दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला ४.७६ चे ७.५० रुपये झाले आणि दोह्यातल्या व्यापाऱ्याची शिल्लक त्याला कुणी न विचारता आटली. मग कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. ‘सार्क रुपया’चा व्याजदर मुंबईत ठरला, तर ढाका आणि कोलंबो तो मुकाट्याने मान्य करतील का? कराचीचे तर नावच नको.

माझ्या सासूबाई परभणीच्या. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार, सात हालीला सहा कलदार, हा हिशेब त्यांना झोपेतही येई. हाली शिक्का बंद झाला, पण केव्हा? आधी हैदराबाद संस्थान भारतात आले, त्यानंतर. दुष्काळ पडला तर दिल्लीच्या तिजोरीतून परभणीला पैसे येतात, महाराष्ट्राच्या कराचा वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने बिहारला जातो. त्यावर आपण कुरकुरतो, पण देतो. म्हणून एक रुपया सगळीकडे टिकतो. श्रीलंकेचे दिवाळे २०२२ मध्ये निघाले तेव्हा भारताने मदत केली, ती बहुतांशी कर्जाऊ. ती दरसाल, परतफेडीविना, पुण्याच्या करदात्याच्या खिशातून द्यायची ठरली, तर पत्रलेखक पहिली सही करणार का?

राहिला प्रश्न सहलीचा. भूतानचा ङुल्ट्रम आपल्या रुपयाला एकास एक आहे आणि तिथे आपल्या नोटाही चालतात. नेपाळचा दर आपल्या एका रुपयाला १.६० नेपाळी रुपये असा बांधलेला आहे. यूपीआयचा कोड भूतान, नेपाळ आणि श्रीलंकेतही अनेक दुकानांत स्कॅन होतो. पत्रलेखकांनी पुढच्या खेपेला तो वापरून पाहावा. त्यासाठी तिघांपैकी एकाही देशाला आपली मध्यवर्ती बँक बंद करावी लागलेली नाही.

— एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड, पुणे