सेल हलका नाही, झोप अर्धवट आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टाकीतल्या पाण्याची पातळी किंवा शेतातला ओलावा मोजणारी बॅटरीवरची उपकरणं बनवणारी तरुण मंडळी बडोद्यात बरीच आहेत. उपकरण तीन आठवड्यांत मान टाकतं आणि ठपका सेलवर येतो. म्हणून हे पत्र.

आधी साधा हिशोब. एएमएस१११७ रेग्युलेटर (सेलचं व्होल्टेज ठरावीक आकड्यावर आणणारा भाग) नुसता बसून सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्यावर ५२० तास, म्हणजे जेमतेम बावीस दिवस पुरतो. उपकरण चालवणारी चिप झोपली, म्हणजे काम नसताना वीज वाचवत थांबली काय, नि जागी राहिली काय! एका लिथियम सेलवर एमसीपी१७०० रेग्युलेटर लावावा. त्याची स्वतःची भूक १.६ मायक्रोअँपिअर. त्याशिवाय ड्रायव्हरला, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या कोडला, हात लावणं व्यर्थ.

खरी फसगत पुढे आहे. एसटीएम३२एल४ या चिपवर फ्रीआरटीओएस (कामांचं वेळापत्रक सांभाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवताना टिकलेस आयडल, म्हणजे काम नसताना घड्याळाचे ठोके थांबवून झोपण्याच्या सेटिंगला, १ दिला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तो तयार कोड सिसटिक या चिपमधल्या टायमरवर चालतो. हा काउंटर २४ बिटांचा, ८० मेगाहर्ट्झला ०.२१ सेकंदात संपतो. म्हणजे चिप सेकंदाला जवळपास पाचदा दचकून उठते, आणि मधे घेते तीही नुसती डुलकी; स्टॉप मोडमध्ये, म्हणजे बहुतेक घड्याळं थांबवणाऱ्या गाढ झोपेत, जातच नाही. त्या सेटिंगमध्ये १ ऐवजी २ लिहून झोपेचं फंक्शन स्वतः लिहावं लागतं. उठवायला आरटीसी (झोपेतही चालणारं घड्याळ) ठेवायचा, आणि झोपेत गेलेले टिक, म्हणजे घड्याळाचे ठोके, उठल्यावर कर्नलला (फ्रीआरटीओएसच्या गाभ्याला) मोजून द्यायचे. झोपण्याआधी इंटरप्ट (चिपला हाक मारणारे इशारे) प्रायमास्क या रजिस्टरने अडवावेत; तसे अडवले तरी ते चिपला उठवतात. पण फ्रीआरटीओएसच्या नेहमीच्या क्रिटिकल सेक्शनने, म्हणजे बेसप्राय या दुसऱ्या रजिस्टरने अडवलेला इंटरप्ट चिपला उठवू शकत नाही, आणि बोर्ड कायमचा गाढ झोपतो.

उठल्यावर घड्याळ ८० मेगाहर्ट्झचं नसतं, आतल्या ऑसिलेटरचं असतं. पीएलएल (घड्याळाचा वेग वाढवणारं सर्किट) पुन्हा चालू करण्याआधी यूआर्टला, म्हणजे संगणकाशी बोलणाऱ्या सीरियल पोर्टला, हात लावला की पडद्यावर भलतीच अक्षरं येतात आणि लोक केबल बदलत बसतात. स्वतंत्र वॉचडॉग, म्हणजे चिप अडकली तर तिला रीसेट करणारा टायमर, फार तर ३२ सेकंद वाट पाहतो. पंधरा मिनिटं झोपायचं तर ऑप्शन बाइटमधून (चिपमधल्या कायमच्या सेटिंगमधून) तो स्टॉप मोडपुरता गोठवावा.

सेन्सरची वीज तोडली, पण आयटूसीचे (सेन्सरशी बोलणाऱ्या दोन तारांचे) ४.७ किलोओहमचे पुल-अप, म्हणजे तारा वर ओढून धरणारे रेझिस्टर, ३.३ व्होल्टवरच राहिले, तर सेन्सरच्या संरक्षक डायोडमधून प्रत्येक तारेला अर्धा मिलिअँपिअर गळतो. पुल-अप सेन्सरच्याच तोडता येणाऱ्या पुरवठ्यावर घ्यावेत आणि झोपण्याआधी पिना अॅनालॉग कराव्यात.

कलाभवन या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेच्या या गावातल्या प्राध्यापकांना एक विनंती: प्रोजेक्ट तपासताना झोपेतल्या करंटचा आकडा मागा, आणि तोही डीबगर (कोड तपासायला चिपला जोडतात ते उपकरण) काढून. डीबगर जोडलेला असला की स्टॉपमध्येही घड्याळं चालू राहू शकतात, मग आकडा खोटा येतो. मीटर मायक्रोअँपिअरवर असताना उपकरणाचा रेडिओ चालू झाला तर मीटरच्या शंटवरच (करंट मोजणाऱ्या आतल्या रेझिस्टरवरच) व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. मीटरला समांतर एक स्विच लावून तो ऑन ठेवावा, म्हणजे करंट मीटरऐवजी त्यातून जाईल, आणि बोर्ड झोपल्यावरच ऑफ करावा.

आपला,
एक फर्मवेअर अभियंता
दांडिया बाजार, बडोदे