किलोमीटर छापता, चढही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जोडून सुट्टी आली की पुरवण्यांमधून डोंगरातल्या मुक्कामी भटकंतीचे लेख येऊ लागतात. आपल्या पुरवणीतला असाच एक लेख वाचून आम्ही चार जुने मित्र पाठीवर तंबू घेऊन निघालो. वाटेबद्दल लेखात एकच ओळ होती: ‘१२ किलोमीटरची सोपी चाल, तीन तासांत तळ्याकाठी.’ फोटो मात्र सहा.

दुपारी दोनला चालू लागलो. पाचला तळं, उजेडातच तंबू, असा हिशेब. पाच वाजले तेव्हा आम्ही निम्म्यावरही नव्हतो.

सगळा दोष लेखावर ढकलत नाही. मी २८ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा एकमेकींना खेटून आल्या की चढ तीव्र, हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल! नकाशा माझ्याच सॅकच्या वरच्या कप्प्यात होता, घडीही न मोडलेला. रेषा मोजल्या त्या घरी आल्यावर. तळ्यापर्यंतचा चढ भरला १,२०० मीटर. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही चालतो: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे अंतराचे जवळपास अडीच आणि चढाचे दोन. साडेचार तास, तेही धडधाकट माणसाने कुठेही न टेकता. आमच्या पाठीवर प्रत्येकी १४-१५ किलो, वयं पन्नाशीपुढची, आणि टेकणं तर दर वळणावर.

सहाच्या सुमारास पावसाची एक सर येऊन गेली. एक मित्र सुती जीन्स घालून आला होता. ती भिजली ती वाळलीच नाही. हजार मीटर वर गेलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, त्यात वारा. तळ्याचा नाद सोडून अंधारात वाटेतच थांबलो. चौघांत हेडटॉर्च एकच. त्या मित्राला सॅकच्या पट्ट्याची क्लिप सुटेना. आधी आम्ही हसलो. मग दिसलं की त्याची बोटंच वळत नाहीयेत, आणि बोलताना शब्द एकमेकांना चिकटताहेत. ओले कपडे उतरवून त्याला कोरडे चढवले, दोन स्लीपिंग बॅगांत कोंबलं, हातात गरम पाण्याचा मग दिला. तासाभराने तो आम्हाला शिव्या देऊ लागला, तेव्हा जिवात जीव आला. तंबू तिरक्या उतारावर ठोकला होता. रात्रभर चौघेही एकमेकांच्या अंगावर घसरत होतो. (तळं अजून पाहिलेलं नाही.)

परतीच्या वाटेवर आणखी दोन गट भेटले. दोघांकडेही त्याच लेखाचा फोटो मोबाइलमध्ये होता.

तेव्हा विनंती एवढीच: अशा लेखात किलोमीटरशेजारी एकूण चढ मीटरमध्ये छापावा, आणि ‘सोपी’ लिहायचंच असेल तर लेखक किती ओझं घेऊन, किती तासांत पोहोचला, तेही लिहावं. चढाचा आकडा लेखकाकडे नसेल, तर ‘तीन तास’ हा आकडा त्याने कुठून आणला, एवढं तरी त्याला विचारा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक