आई-बाबा, गॅस गीझर काढायचा ठरवला आहे

लीड्स
दिवाळीनंतरचा रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देतात, आणि आई म्हणते, "ह्यांच्याशीच बोल बाई." म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईला सगळं ऐकू द्या, आणि शेवटपर्यंत वाचून झालं की मगच फोन करा.

ठरलेलं आधी सांगून टाकते. न्हाणीतला गॅस गीझर काढायचा. त्या जागी २५ लिटरचा विजेचा गीझर बसवायचा. त्याचे पैसे भरले आहेत आणि वर्षभराच्या देखभालीचा करार, म्हणजे एएमसीही घेतली आहे. शुक्रवारी राजू इलेक्ट्रिशियनला घेऊन येईल, शनिवारी अकराच्या सुमारास गीझरचा माणूस. तुम्हाला न विचारता हे केलं याचं बाबांना वाईट वाटेल, ते मला इथे बसून दिसतंय. घर तुमचं आहे, त्यात काय असावं हे तुम्हीच ठरवायचं, हे मी विसरलेले नाही. पण विचारलं असतं तर तुम्ही ग्वाल्हेरच्या मेळ्यापर्यंत थांबायला सांगितलं असतं, आणि तेवढं थांबायला माझा जीव धजत नाही.

आई, मागच्या थंडीत तुला न्हाणीत भोवळ आली, तेव्हा सगळ्यांनी बीपीवर घातलं. मीही फोनवर मीठ कमी कर म्हणून सांगितलं. पण दिवाळीत तू सहज बोलून गेलीस की डोकं आंघोळीच्या वेळेलाच धरतं, मळमळतं, आणि अंगणात उन्हाला बसलं की आपोआप उतरतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. बीपी काही अंगण बघून उतरत नाही. न्हाणीतून बाहेर आल्यावर जे बरं होतं, त्याचं कारण न्हाणीतच असणार.

गॅस जळायला हवा लागते. ती गीझर खोलीतलीच ओढतो. आपली न्हाणी केवढीशी, त्यात वरच्या झरोक्याला बाबांनी थंडीचा पुठ्ठा लावलेला, दार आतून बंद. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बाबा, तुम्ही म्हणता, "वास येत नाही म्हणजे गळती नाही." सिलिंडरच्या गॅसचं ते बरोबर आहे, त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. पण या कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायांतलं बळ जाणं, सगळं तू सांगतेस तसंच. आणि माणूस आतून कडी लावून आत असतो. याच्या पुढचं मी लिहीत नाही.

डॉक्टरांकडे जायचंच आहे, त्याबद्दल खाली लिहिते. बीपी असेलही. पण दोन्ही कारणं असतील तर एक तरी शनिवारी घरातून जाईल.

इथे इंग्लंडमध्ये आमच्याकडे घर तापवायला आणि नळाला गरम पाणी द्यायला एकच गॅसचा बॉयलर आहे, स्वयंपाकघरातल्या कपाटात. तो बाहेरची हवा घेतो आणि धूर बाहेर सोडतो, खोलीच्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. तरीसुद्धा भाड्याच्या घरात घरमालकाला दरवर्षी गॅसची तपासणी करून घ्यावी लागते, कायदाच आहे. तपासायला येणारा माणूस 'गॅस सेफ' या गॅस-कारागिरांच्या अधिकृत नोंदवहीतला असावा लागतो, त्याचं कार्ड बघूनच दार उघडायचं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून असा बॉयलर ज्या खोलीत असेल तिथे भाडेकरूंसाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बंधनकारक झाला. हे मी परदेशाचं कौतुक म्हणून सांगत नाही, बाबा. तुम्हीच लहानपणी सांगायचात की मिलच्या बॉयलरला इन्स्पेक्टर पास केल्याशिवाय वाफ धरता येत नाही, मोठे साहेब आले तरी नाही. १९२३ चा बॉयलर कायदा तुम्हाला तोंडपाठ होता, बारा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा दाखला मिळायचा नाही. ज्या माणसाने जे. सी. कापड मिलच्या बॉयलर हाऊसमध्ये कधी तारीख चुकू दिली नाही, त्याच्या घरातल्या गीझरला बसवल्यापासून कुणी हात लावलेला नाही.

आता एएमसीचं, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असेल, की नव्या गीझरला एएमसी कशाला, कंपनीची गॅरंटी आहे ना. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि मी त्यावरच सगळ्यात जास्त डोकं लावलं. दुकानदार तीन वर्षांचा मोठा प्लॅन गळ्यात मारत होता, सगळ्या पार्टसकट. तो मी घेतला नाही. पहिली दोन वर्षं एलिमेंट आणि थर्मोस्टॅट कंपनीच्याच गॅरंटीत आहेत, टाकीची गॅरंटी तर त्याहून लांब आहे. मग त्याच पार्टचे पैसे दोनदा का द्यायचे? मी साधा प्लॅन घेतला: वर्षातून दोनदा माणूस येणार, टाकी उघडून क्षार काढणार, रॉड बघणार, व्हॉल्व्ह तपासणार. गॅरंटी संपली की पार्टसकटचा घेऊ. आमच्या बॉयलरचंही मी असंच केलं. नवा होता तोवर फक्त वर्षाची सर्व्हिस, कारण ती चुकली तर कंपनीची गॅरंटीच जाते. जुना झाल्यावर मोडतोडीचा प्लॅन.

साधा तरी का, असं म्हणाल. तर पाण्यामुळे. तिघरा धरणाचं पाणी दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी तुम्ही बोअरिंग चालवता. चहाच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो तोच गीझरच्या एलिमेंटवर बसतो. मग पाणी उशिरा तापतं, वीज जास्त जाते आणि एक दिवस एलिमेंट जळतं. क्षारांनी झालेलं नुकसान गॅरंटीत धरत नाहीत, कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, तो स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. क्षारांच्या पाण्यात तो लवकर संपतो आणि बाहेरून काही कळत नाही. तेवढ्यासाठी कुणीतरी उघडून बघायला हवं, आणि बाबा, ते कुणीतरी स्टुलावर चढलेले तुम्ही असायला नको आहात.

दुकानात फोन करून मी सगळं लेखी मागून घेतलं. क्षार काढण्याचे पैसे वेगळे नाहीत. मधे बोलावलं तर येण्याचे पैसे नाहीत. तक्रार केल्यापासून दोन दिवसांत माणूस येणार. मला एका दिवसात हवा होता, पण जानेवारीत सगळ्या लश्कर भागातले गीझर एकदमच बिघडतात, ते कबूल होईनात. रॉड बदलावा लागला तर त्याची किंमत आपली. पहिली फेरी मार्चमध्ये, दुसरी दसऱ्यानंतर, म्हणजे थंडीच्या आत. जीएसटी धरून जो आकडा झाला तो मी सांगणार नाही, कारण तुम्ही तो पाठवून द्याल.

आणि मेळा. मला माहीत आहे की मेळ्यात स्वस्त मिळतो, आपला फ्रिज, टीव्ही, दादाची स्कूटर सगळं मेळ्यातलंच. पण मेळा डिसेंबरच्या शेवटी लागणार, दुकानं भरायला आणखी आठ-दहा दिवस, आणि ग्वाल्हेरची खरी थंडी नेमकी तेव्हाच. पारा तीन-चारवर येतो तेव्हा आईने त्या न्हाणीत दार लावून आंघोळ करायची आणि मी इथे घड्याळ बघत बसायचं, हे काही हजार-पाचशेसाठी नको. मेळ्यात जा, मात्र स्वेटर घाला, आणि माझ्या वाटणीची गजक खा.

लाइट गेली तर काय, हाही प्रश्न येईल. टाकीभोवती आतून जाड फोम आहे, एकदा तापलेलं पाणी बराच वेळ गरम राहतं. बाबांनी साडेचारला बटण लावावं, पाच-सव्वापाचला दिवा बंद झाला की बादली भरावी. काकड आरतीला ढोलीबुवांच्या मठात जाण्याची वेळ एक मिनिट चुकणार नाही, मी हिशोब केला आहे. पंचवीस लिटर गार पाणी आंघोळीजोगं कडक व्हायला एक-सव्वा युनिट लागतं. दोघांचं मिळून तुमच्या सिलिंडरपेक्षा फार वेगळं पडणार नाही. आई, तुझी पितळी बादली आणि तांब्या तसाच राहणार, शॉवर कुणी लावणार नाही. पाणी तुला हवं तसं चटका बसण्याइतकं मिळेल, फक्त आधी गार पाणी बादलीत घे, मग त्यात गरम सोड. थर्मोस्टॅट साठवर ठेवायला सांगितलं आहे, तेवढं गरम पाणी सरळ अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं.

आजीचा बंब आठवतो का? नरकचतुर्दशीला तो मध्यरात्रीपासून धडधडत असायचा, आणि आई, तू उटणं लावताना माझे दात वाजायचे म्हणून बाबा मला पंच्यात गुंडाळून बंबाजवळ बसवायचे. त्या तांब्याला टेकलेल्या पाठीची ऊब मला अजून आठवते. इथल्या रेडिएटरला पाठ लावून बसले की लेक विचारतो, "तू अशी का बसतेस?" मी त्याला सांगितलं, माझे बाबा मला असं बसवायचे. आज मला हेही सुचलं की तो बंब अंगणात होता. लाकडं, गोवऱ्या, काय काय जळायचं त्यात, पण धूर आभाळात जायचा. आजीने न्हाणीत ठेवायला कधी कबूल केलं नाही, त्या भांडणाची गोष्ट बाबांना माहीत आहे.

मी तिथे असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. थंडीत येऊन तुमच्यापाशी राहायचं म्हणते आणि दरवर्षी शाळेच्या सुट्ट्या आडव्या येतात. निदान पाण्याची तरी काळजी मला करू द्या.

आता नीट ऐका, यात सूट नाही. शनिवार येईपर्यंत गॅस गीझर लावायचा नाही, पाणी स्वयंपाकघरात तापवायचं आणि बादली बाबांनी एकट्याने उचलायची नाही, बाई येतात तेव्हा न्यायची. झरोक्याचा पुठ्ठा आजच काढायचा, आणि नवा गीझर लागल्यावरही परत लावायचा नाही. आईने आंघोळीला जाताना आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं. शुक्रवारी इलेक्ट्रिशियन न्हाणीसाठी वेगळी वायर ओढेल, १६ अँपिअरचा सॉकेट आणि वीज गळाली की लगेच तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवेल आणि अर्थिंग तपासेल. बाबा, त्याच्याजवळ उभे राहा, कारण तुमच्याइतकं कुणाला कळत नाही, पण हात लावू नका. आंघोळीला शिरण्याआधी गीझर बंद करायचा, सवय होईपर्यंत दारावर चिठ्ठी लावा. बिल, गॅरंटी कार्ड आणि एएमसीचा कागद लोखंडी कपाटात, एलआयसीच्या पाकिटात, आणि तिन्हींचे फोटो मला.

रात्री खोलीत कोळशाची सिगडी नको, दार बंद करून तर अजिबात नको, कारण तिथेही तोच वायू. सिगडीऐवजी तेलाचा हीटर पाठवते आहे. तो लाल होत नाही म्हणून तापला नाही असं समजू नका. आणि सोमवारी डॉक्टरांकडे दोघांनी जायचं. आंघोळीनंतर डोकं दुखायचं आणि न्हाणीत गॅस गीझर होता, हे शब्द आईने स्वतः सांगायचे, बाबांनी "थोडी चक्कर येते" म्हणून उरकायचं नाही. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस, आई.

रागावला असाल तर शनिवारी पाणी गरम झाल्यावर फोन करून रागवा. मी ऐकून घेईन.

तुमची,
मनू

ता. क. जुना गॅस गीझर बाईंनी मागितला तरी देऊ नका. त्यांच्या खोलीला तर झरोकाही नाही आणि लहान मुलं आहेत. तो भंगारवाल्याला द्या, नळी कापून, म्हणजे कुणी परत लावणार नाही. बाईंना वाईट वाटायला नको, त्यांच्यासाठी मी राजूकडे वेगळे पैसे पाठवले आहेत, ते तुमच्या हाताने द्या.