स्पर्धेत दिव्यांना निवायला वेळ द्या

महोदय,

एकांकिका स्पर्धांचा मोसम आला की विंगेत बोटे भाजण्याचाही मोसम येतो. प्रयोग चालू असताना सहसा कुणाला चटका बसत नाही. तो बसतो दोन एकांकिकांच्या मधल्या घाईत. आधीच्या संघाने तासभर पेटवलेले पार आणि फ्रेनेल हे रंगमंचावरचे दिवे नुकतेच विझलेले असतात आणि पुढच्या संघातला एखादा नवखा मुलगा जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद, बदलायला उघड्या हाताने घोड्यावर, म्हणजे उंच शिडीवर, चढतो.

हजार वॉटच्या हॅलोजन बल्बची काच पेटलेली असताना २५० अंश सेल्सिअसच्या वरच असते. त्याखाली तारेतून उडालेला टंगस्टन परत तारेवर नेणारे हॅलोजनचे चक्रच चालत नाही. दिवा विझला तरी पत्र्याचा डबा आणि जिलेटिनची चौकट पंधरा-वीस मिनिटे धरवत नाही. चटका बसला की हात आपोआप झटकला जातो, आणि घोड्यावर तोल जातो तो तिथेच.

हातमोजे चामड्याचेच हवेत. नायलॉनचे स्वस्त मोजे वितळून कातडीला चिकटतात, त्यापेक्षा नसलेले परवडले. चौकटी दुप्पट ठेवून रंग आधीच भरून ठेवले तर वर फक्त चौकट सरकवायची उरते. गडद निळे जिलेटिन उष्णता शोषून मध्येच जळते; त्याची जादा पाने कापून ठेवावीत.

बल्ब बदलताना डिमर (उजेड कमी-जास्त करणारे यंत्र) शून्यावर आणणे पुरेसे नाही, प्लग काढायचा. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा राहिला तर तापल्यावर काच त्या जागी दुधाळ होते, फुगते, कधी फुटते. हात लागलाच, तर पेटवण्याआधी गार बल्ब स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावा.

दुर्लक्षित राहते ती दिव्याच्या आतली वायर. दुरुस्तीत तिथे साधी पीव्हीसी वायर घातली जाते. उष्णतेने तिचे आवरण कडक होऊन तडकते, तांबे डब्याला टेकते, आणि अर्थिंग नसेल तर चटक्यासोबत शॉकही बसतो. तिथे उष्णतारोधक वायर, नाहीतर निदान काचतंतूची नळी हवीच. विंगेत जमिनीवर ठेवलेल्या पारपासून पडदा किती लांब हवा, हे बहुधा दिव्यावरच्या माहितीच्या पट्टीवरच लिहिलेले असते. ते कुणी वाचत नाही.

एलईडी आले म्हणून निर्धास्त होऊ नये. त्यांचा उजेड तितका तापत नसला, तरी मागचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, चांगलाच तापतो.

भाजलेच, तर अंगठी-बांगडी लगेच काढून तो भाग वीस मिनिटे वाहत्या नळाखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही नको, आणि फोड फोडू नये. मोठे भाजले असेल तर दवाखानाच.

आयोजकांनी नियमावलीत दिवे निवण्याचा वेळ धरावा, दोन जोड चामडी मोजे विंगेत ठेवावेत आणि मेकअप रूमच्या नळाला पाणी आहे ना, हे सकाळीच पाहावे.

– एक प्रकाशयोजनाकार, पुणे