दादाच्या दुकानातलं 'नमुने' फोल्डर

कॅनबेरा, रविवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा बसमध्ये होतो, धड बोलता आलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू पत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं असतंस आणि ती पत्रिका गिऱ्हाइकाबरोबर गेली असती. म्हणून पत्र.

लग्नपत्रिकांचे नमुने दुकानातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर पासवर्ड न मागता उघडावेत, एवढंच ना? तुझ्या उबुंटूच्या (लिनक्सच्या) मशीनवरचं फोल्डर बाकीच्या कॉम्प्युटरना उघडून देणारा प्रोग्राम म्हणजे सांबा. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत वर 'ग्लोबल' या भागाखाली 'मॅप टू गेस्ट = बॅड युजर' लिही. मग 'नमुने'खाली 'गेस्ट ओके = येस', म्हणजे पासवर्ड नसलेल्या पाहुण्यालाही आत येता येईल. 'रीड ओन्ली'ही येसच ठेव, म्हणजे फाइली फक्त बघता येतील, हलवता येणार नाहीत. मी इथे घरी ते नो ठेवलं होतं. शेजारच्या खोलीतल्या पोराचा माउस घसरला आणि सोनीच्या बारशाचे फोटो भलत्याच फोल्डरात गेले. अर्धी रात्र शोधत होतो.

फोल्डर तुझ्या होममध्ये, म्हणजे तुझ्या खात्याच्या खासगी फोल्डरात, ठेवू नकोस. पाहुणा आत येतो तो 'नोबडी' या नावाने, आणि नव्या उबुंटूत होमचं दार त्याला बंदच असतं. 'एसआरव्ही' नावाच्या सामाईक फोल्डराखाली कर.

आता एक गंमत. घरातल्या सगळ्यांना फोल्डर उघडायचं, फक्त मलाच नाही! 'बॅड युजर' म्हणजे सांबाला ठाऊक नसलेलं नाव; तेवढंच पाहुणा ठरतं. माझ्या लॅपटॉपवरचं नाव सांबात आधीपासून होतं, पासवर्ड मात्र वेगळा. ओळखीचा माणूस आणि पासवर्ड चुकीचा, म्हणून बाहेर. तुझंही नाव दोन्हीकडे एकच असेल, बघ.

काउंटरवरचं नवं मशीन विंडोज ११ प्रो, २४एच२ आहे म्हणालास. ते पाहुणा म्हणून जायलाच नकार देईल, कारण त्याला आता प्रत्येक निरोपावर सही लागते आणि पासवर्डच नाही तर सही कशी करणार? ती सक्ती काढायचे उपाय नेटवर सापडतील. नको काढूस. त्या एका मशीनसाठी सांबात साधं खातं कर, पासवर्ड एकदाच टाकून लक्षात ठेवायला सांग. आणि सांबा ज्या दारातून बोलतो ते ४४५ पोर्ट राउटरवर बाहेरच्या इंटरनेटला उघडू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी.

हे सांबा याच गावातल्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेलने लिहायला घेतलं, १९९२ च्या सुमारास. तिथून रोज माझी बस जाते.

बदल केलास की आधी सेटिंगच्या फाइलीतल्या चुका दाखवणारी 'टेस्टपार्म' ही कमांड चालव, मग सांबा पुन्हा सुरू कर. अडलं तर रात्री फोन नको, इथे तेव्हा पहाट असते.

आई-बाबांना नमस्कार. सोनीला गोड पापा.

तुझा,
धाकटा