आधी कॉर्ड, मग सेमी-हॉलो

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. सेमी-हॉलो, म्हणजे अर्धी पोकळ इलेक्ट्रिक गिटार, घ्यायची म्हणतोयस, आणि सगळ्यात शेवटी हळूच लिहिलंयस की एफ कॉर्ड अजून नीट वाजत नाही. खरं सांगू, मला ते शेवटचं वाक्यच जास्त लागलं, कारण मीही तिथे बरेच महिने अडकलो होतो आणि मला वाटायचं गिटार बदलली की सुटेल. नाही सुटलं रे.

आधी एफ. पहिलं बोट सपाट ठेवून सहाच्या सहा तारा दाबायला जाऊ नकोस. त्या बोटाकडे खरं तर फक्त सहावी (सगळ्यात जाड), दुसरी आणि पहिली तार असते, मधल्या तीन तारा बाकीची बोटं दाबतातच. बोट जरा कडेवर वळव आणि फ्रेटच्या, म्हणजे गळ्यावरच्या घराच्या, धातूच्या पट्टीच्या अगदी जवळ ठेव. तरी जमलं नाही तर तोच शेप पाचव्या फ्रेटवर धर, तिथे तो ए मेजर होतो आणि हाताला बराच हलका जातो, तिथे पक्का झाला की एकेक फ्रेट खाली ये.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसलो ते. तीन तारांचे तीन कॉर्ड देतो, रोज दहा मिनिटं एवढंच कर. डी मायनर सेव्हन: पाचवी तार पाचवा फ्रेट, चौथी तार तिसरा, तिसरी तार पाचवा. मग जी सेव्हन: सहावी तार तिसरा, चौथी तिसरा, तिसरी चौथा. मग सी मेजर सेव्हन: पाचवी तार तिसरा, चौथी दुसरा, तिसरी चौथा. बाकीच्या तारा बोटांच्या पोटाने म्यूट, म्हणजे वाजू द्यायच्या नाहीत. आता फक्त चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे कान दे. पहिल्या बदलात चौथी तार जागची हलत नाही, तिसरी एक फ्रेट खाली येते, पुढच्या बदलात तिसरी थांबते आणि चौथी एक फ्रेट उतरते. बस, एवढ्यावर अख्खी चाल उभी आहे! मला हे पहिल्यांदा ऐकू आलं ना, त्या दिवशी मी गिटार खाली ठेवलीच नाही. मेट्रोनोम ६० वर ठेव, एका कॉर्डला चार ठोके, आणि बोट उचलण्याआधी पुढची जागा डोळ्यांनी बघून घे.

हे जमलं की गिटार निवडणं सोपं, कारण दुकानात हेच तीन कॉर्ड वाजवायचे. अॅम्पवर थोडा गेन दे, म्हणजे आवाज जरा फाटू दे, आणि तिन्ही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का बघ, गढूळ झालं तर ती आपली नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघ. एफ-होल (बॉडीवरची इंग्रजी एफच्या आकाराची भोकं) दिसले म्हणजे सेमी-हॉलो असं नसतं. १९५८ मधे गिब्सनने ईएस-३३५ काढली तेव्हा खरी युक्ती आत होती, बॉडीच्या मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी. त्या ठोकळ्यामुळे फीडबॅक (अॅम्पच्या आवाजाने गिटार आपोआप किंचाळणं) कमी होतो आणि सूर जास्त टिकतो, तरी पोकळ बॉडीची हवा राहते. एपिफोन कॅसिनो दिसायला तशीच, पण आत ठोकळा नाही, पूर्ण पोकळ. सुंदर वाजते, पण तू ड्रमच्या शेजारी मोठ्या आवाजात वाजवणार, तुला ठोकळा हवाच असं माझं ठाम मत आहे. एपिफोन डॉट किंवा आयबानेझ एएस७३ त्या जातीच्या आहेत. मांडीवर घेऊन बघ, बॉडी साधारण १६ इंच रुंद असते, तुझ्या खांद्याला त्रास होतो का ते पाच मिनिटांत कळेल. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंचाची असली तर फेंडरच्या २५.५ पेक्षा फ्रेट किंचित जवळ येतात, ताणही कमी, तुझ्या बोटांना ते मानवेल.

आणि हो, वापरलेली घेणार असशील तर सगळे नॉब आणि स्विच फिरवून खरखर येते का ऐक, कारण आतली वायरिंग एफ-होलमधून बाहेर काढावी लागते, फार किचकट काम. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं हलकं टेकून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर सारखा येतो का तेही बघ.

आठवडाभर ते तीन कॉर्ड वाजव आणि मला रेकॉर्ड करून पाठव, आत्ता आहे त्याच गिटारवर. तिसरी तार स्वच्छ ऐकू आली की सांगतो, मग जाऊ दोघं बघायला.

तुझाच